टाय कॉबची सिनिऑरिटी

पद्माकर मेहेंदळ्यांना सुधींद्ररावांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. ‘तुमची ती तीन वर्षं धरायला हवी होती,’ एवढंच. चौतीस वर्षं ते या वाक्याची वाट बघत होते. या चौतीस वर्षांत सुधींद्ररावांनी मधुमेह, मेट्रोचं काम, जे. पी. नगरातले खड्डे आणि कांद्याचे भाव अशा सगळ्या विषयांवर भरभरून तोंड उघडलं, या एका विषयावर मात्र मिठाची गुळणी.

भानगड १९९१ सालची. दोघंही एकाच सरकारी यंत्रकारखान्यात होते. मेहेंदळे इन्स्पेक्शनला मॅनेजर, सुधींद्रराव पर्सोनेल विभागात. त्याच्या आधी कंपनीनं मेहेंदळ्यांना तीन वर्षं डेप्युटेशनवर बिहारमधल्या नव्या युनिटवर धाडलं होतं. धड वीज नाही, धड पाणी नाही, अशा माळावर या माणसानं तपासणीचा अख्खा विभाग उभा केला. परत आले आणि बढतीची कमिटी बसली, तर फायलीत त्या तीन वर्षांचे गोपनीय अहवालच नव्हते. अहवाल नाही म्हणजे काम नाही. चीफ मॅनेजरची खुर्ची स्टोअर्सच्या हंबीरराव जगदाळ्यांना मिळाली. हंबीररावांना, मेहेंदळ्यांच्या मते, व्हर्निअर आणि व्हायोलिन यांतला फरक कळत नव्हता. मेहेंदळ्यांना बढती मिळाली ती पुढे सात वर्षांनी, आणि तोवर वरच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. त्या कमिटीचे सेक्रेटरी होते सुधींद्रराव. टिपणाखाली सही त्यांची.

निवृत्तीनंतर दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर निघाली, आणि बंगळुरात मराठी बोलणारा माणूस दोन गल्ल्यांवर मिळत असेल तर त्याच्याशी वैर परवडत नाही. सुधींद्ररावांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेमागून इकडे आलं, असं ते सांगत. मराठी तेव्हाची होती तशीच राहिली आणि तिच्यावर कन्नडचे थर चढत गेले. मेहेंदळे मिरजेचे. बंगळुरात पन्नासहून अधिक वर्षं काढूनही त्यांचं कन्नड रिक्षावाल्याला डावीकडे वळवण्यापुरतंच होतं. रोज सकाळी दोघं पार्कात चार फेऱ्या मारत आणि कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या एक कॉफी ‘बाय-टू’ सांगत. एकाच कॉफीचे दोन अर्धे पेले. चौदा वर्षं हा नेम चुकला नव्हता.

तो चुकला बेसबॉलपायी.

सुधींद्ररावांची नात आश्लेषा इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत होती. तिच्या टीमनं एका अमेरिकन गिऱ्हाइकासाठी फोनवरचं ॲप बनवलं होतं. काम साधं. बेसबॉलच्या शंभरेक वर्षांतला सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण, यावर दोन माणसांनी वाद घालायचा. ॲप वीस नावं देणार, त्यांचे आकडे देणार, दोघांनी आपापले मुद्दे लिहायचे. मेख एवढीच, की दोघांचं एका नावावर एकमत झाल्याशिवाय निकाल लागायचा नाही. गिऱ्हाइकाची अट अशी होती, की खेळाचा गंधही नसलेल्या चाळीस जोड्यांकडून ॲप आधी वापरून घ्यावं. त्यांना जमलं तर कुणालाही जमेल. एका रविवारी आश्लेषा दोघांना समोर बसवून म्हणाली, “अज्जा, पद्माकरअज्जा, स्वल्प मदत करा. वीस मिनिटांचं काम आहे.”

“क्रिकेटसारखंच का हे?” मेहेंदळ्यांनी विचारलं.

“नाही. आणि क्रिकेटचं नाव काढू नका, मग तुमची वीस मिनिटं संपायची नाहीत.”

तिनं फोनवर दोन चित्रफिती दाखवल्या. एक जण जीव खाऊन चेंडू फेकतो, दुसरा गोल दांडक्यानं तो हाणतो, लागला तर पळतो, मैदानाबाहेर गेला तर होमरन, मग आरामात पळतो. एवढं दोघांना कळलं. गोलंदाजानं चेंडू चार वेळा वाकडातिकडा टाकला तर फलंदाज न मारताच पुढच्या बेसवर चालत जातो, हे पाहून सुधींद्ररावांनी मान डोलावली. “म्हणजे चूक दुसऱ्याची, बढती याला. आमच्याकडेही असायचं ते.”

मेहेंदळे आकड्यांपाशी अडले. यादीतल्या सगळ्यात भारी फलंदाजाची सरासरी होती हजारात तीनशे सदुसष्ट. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ज्या माणसानं हजार नगांत तीन नग वाकडे निघाले म्हणून अख्खी पाळी थांबवली होती, त्याला हे झेपणारं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला, प्रतिमाताईंना, सांगितलं, “दहात सहा-सात वेळा नापास होतो, आणि हे लोक त्याला थोर म्हणतात!”

“मग तुमचा तर तिकडे पुतळाच उभारतील,” प्रतिमाताई म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

बाकीच्या एकोणचाळीस जोड्यांनी खरोखरच वीस मिनिटांत काम उरकलं. ज्याचं नाव कधीतरी कानावरून गेलं होतं त्या बेब रूथवर बोट ठेवलं आणि गेली मंडळी जेवायला. हे दोघं मात्र आयुष्यभर सरकारी नोकरी केलेले. निवड म्हटली की निवड रीतसर झाली पाहिजे. सोमवारी सकाळी सुधींद्रराव पार्कात आले ते फुलस्केप कागदाची गुंडाळी घेऊनच. वीसही जणांची त्यांनी रुजू दिनांकानुसार ज्येष्ठता-यादी केली होती.

“हे बघा मेहेंदळे. टाय कॉब. रुजू झाला एकोणीसशे पाच साली. यादीत सगळ्यांत सीनिअर. आणि सरासरी तीनशे सदुसष्ट, तीही सगळ्यांत वर. सिनिऑरिटी-कम-मेरिट. दोन्ही एकाच माणसात! अशी केस मी छत्तीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये पाहिली नाही हो. कमिटीला चहा प्यायलाही वेळ मिळाला नसता.”

“आणि याच्यापेक्षा जास्त होमरन मारणारे?”

“मारू देत की. एकावर तर उत्तेजक औषधं घेतल्याचे प्रवाद आहेत, त्याला व्हिजिलन्स क्लिअरन्स मिळायची नाही. रूथ ज्युनिअर. सरी, ठरलं तर, करा सही.”

मेहेंदळे सही करणारही होते. बेसबॉलमध्ये कोण थोर याचं त्यांना काय सोयरसुतक? पण सही करायची तर कागद वाचून, ही सवय नडली. दुपारी जेवण झाल्यावर ते एकेका नावाची माहिती उघडत गेले आणि बाराव्या नावावर त्यांचं बोट थांबलं. टेड विल्यम्स. एकोणीसशे एक्केचाळीस साली हजारात चारशे सहा. होमरन पाचशे एकवीस. आणि खाली बारीक अक्षरात: महायुद्धात तीन हंगाम आणि कोरियाच्या युद्धात जवळजवळ दोन हंगाम तो खेळला नाही. फौजेत वैमानिक होता.

मेहेंदळे उठून बसले. ऐन उमेदीतली पाच वर्षं, तीही मौजमजेसाठी नाही, वरून हुकूम आला म्हणून! तिकडे विमानं उडवत होता बिचारा, आणि इकडे रकान्यात शून्य. त्यांना हा अनोळखी अमेरिकन माणूस एकदम सख्ख्या भावासारखा वाटायला लागला.

“अहो, झोपा की,” आतून प्रतिमाताई म्हणाल्या.

“डेप्युटेशनवर होता तो!” मेहेंदळे ओरडले.

प्रतिमाताईंनी पांघरूण डोक्यावरून ओढलं. त्या घरात ‘डेप्युटेशन’ हा शब्द आला की पुढचा अर्धा तास कसा जातो, हे त्यांना पाठ होतं.

दुसऱ्या दिवसापासून जे जुंपलं ते काही विचारू नका. ॲपमध्ये मुद्दा लिहायला एक चौकोन होता, लोक त्यात दोन ओळी लिहितात. मेहेंदळ्यांनी तिथे कार्यालयीन इंग्रजीत बावीस परिच्छेदांचं टिपण उतरवलं. विल्यम्सच्या मागच्या-पुढच्या हंगामांची सरासरी काढून गमावलेल्या पाच वर्षांत त्यानं किती होमरन मारले असते याचं गणित मांडलं, आणि एवढे होमरन ‘नोशनल’, म्हणजे मानीव, धरण्यात यावेत अशी विनंती केली. सुधींद्ररावांनी त्यावर शेरा मारला: ‘पाहिले. नियमात तरतूद नाही.’ मेहेंदळ्यांनी पुरवणी टिपण जोडलं. सुधींद्ररावांनी ‘वरीलप्रमाणेच’ असा शेरा मारला. चौथ्या दिवशी मेहेंदळ्यांनी ‘माननीय सक्षम अधिकाऱ्याकडे’ अपील केलं. तो सक्षम अधिकारी कोण, हे ॲपला कळेना, म्हणून ते पाच मिनिटं नुसतंच गोल गोल फिरत राहिलं.

पार्कातल्या फेऱ्यांचा वेग वाढला. आपापल्या माणसाची बाजू मांडताना दोघं पळायलाच लागायचे. सहाव्या दिवशी दर्शिनीत, कॉफी यायच्या आधीच, भांडणाला तोंड फुटलं.

“अय्यो, किती वेळा सांगू? खेळला नाही म्हणजे नाही,” सुधींद्रराव म्हणाले. “कोऱ्या पानाला मार्क देता येत नाहीत.”

“पान कोरं नव्हतं!” मेहेंदळ्यांचा आवाज चढला. “माणसानं राबराब राबून पान भरलं होतं. पान हरवलं! ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनी हरवलं!”

शेजारी इडली खाणारा एक जण वळून बघायला लागला. सुधींद्रराव हळूच म्हणाले, “विल्यम्सचं पान कुणी हरवलं, मेहेंदळे?”

उत्तर मेहेंदळ्यांच्या जिभेवर होतं, चौतीस वर्षं होतं. पण ते अशा ठिकाणी, सांबाराच्या बादलीशेजारी, इडलीवाल्या माणसासमोर बाहेर काढायचं? त्यांनी काउंटरवर जाऊन आपल्यासाठी एक अख्खी कॉफी मागितली. सुधींद्ररावांनी दुसरी. दर्शिनीचा मालक दोघांकडे बघतच राहिला. अख्खी कॉफी दोघांनाही संपली नाही.

तिकडे आश्लेषाचा जीव टांगणीला लागला. गिऱ्हाइकानं कळवलं होतं, की चाळिसावी जोडी अकरा दिवस अडकून पडली आहे, म्हणजे ॲपमध्ये काहीतरी बिघाड असणार. तिच्या साहेबानं तीन इंजिनिअर कामाला लावले. त्यांनी दोन दिवस शोधलं. बिघाड सापडला नाही, कारण बिघाड जे. पी. नगरात चार फेऱ्या मारत होता. शुक्रवारी संध्याकाळी ती दोघांना घरी बसवून हात जोडून म्हणाली, “सोमवारी माझा रिव्ह्यू आहे. कुणाचंही नाव द्या. चिठ्ठ्या टाका.”

“चिठ्ठ्या टाकून निवड?” दोघं एकदम म्हणाले. बारा दिवसांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

“सरी, मग ही नवी यादी तरी बघा. आमचे आकडे जुने होते, गिऱ्हाइकानं दाखवून दिलं. आज दुरुस्त करून चढवलेत.”

सुधींद्ररावांनी फोन हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा पडला. सरासरीच्या रकान्यात टाय कॉब दुसरा होता. वर एक नवंच नाव बसलं होतं. जॉश गिब्सन, हजारात तीनशे बहात्तर.

“हा कोण? कधी रुजू झाला?”

“रुजू झालाच नाही अज्जा. काळा होता म्हणून मोठ्या लीगमध्ये त्याला घेतलंच नाही. त्या लोकांच्या लीग वेगळ्या होत्या, त्यांत खेळायचा. त्या लीगचे आकडे अधिकृत धरत नव्हते. आता धरले.”

“आता म्हणजे?”

“दोन हजार चोवीसमध्ये.”

“आणि तो गेला कधी?”

“सत्तेचाळीस साली. पस्तिसाव्या वर्षी.”

“यादी एकदा प्रसिद्ध झाली की...” सुधींद्ररावांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच टाकून दिलं. बोटांवर त्यांनी काहीतरी मोजलं. “सत्त्याहत्तर वर्षांनी? त्यांनी आपणहून फाईल उघडली?”

“हौदु अज्जा. जुनी वर्तमानपत्रं शोधली, एकेका सामन्याची नोंद गोळा केली. वर्षानुवर्षं चाललं होतं ते काम.”

मेहेंदळे मनातून हरखले होते. कॉब पडला! आता विल्यम्सचा रस्ता मोकळा! सुधींद्ररावांवर तुटून पडायला ते सरसावलेही, पण समोरचा माणूस लढायच्या अवस्थेत दिसेना. सुधींद्ररावांनी फोन खाली ठेवला, डोकं दुखतंय म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

शनिवारी ते फिरायला आले नाहीत. मेहेंदळ्यांनी एकट्यानं चार फेऱ्या मारल्या, दर्शिनीत गेले, आणि अर्धी कॉफी एकट्याला मागायची कशी हे न कळून तसेच परत आले. रविवारीही तेच. ‘हरला म्हणून रुसला,’ असं ते प्रतिमाताईंना म्हणाले खरे, पण त्यांना चैन पडत नव्हतं.

रविवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात सुधींद्रराव. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, जसे काही ऑफिसला निघाले आहेत. खुर्चीवर बसले, पाणी नको म्हणाले.

“मी गिब्सनच्या नावावर बोट ठेवून आलोय,” ते म्हणाले. “तुम्हीही ठेवा. पोरीचं काम अडलंय.”

मेहेंदळे चकित झाले. “आणि कॉब? सिनिऑरिटी? नियमात तरतूद नाही ना?”

“तरतूद नसेल तर करतात, मेहेंदळे. सत्त्याहत्तर वर्षांनी करतात. मला तर चौतीसच झालीत.” सुधींद्ररावांनी खिशातून रुमाल काढला, घाम नसलेलं कपाळ पुसलं. “तुमचे अहवाल आले होते.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मेहेंदळ्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“कमिटी सोमवारी होती. शनिवारी दुपारी साडेबाराला रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. तिन्ही वर्षांचे. मी फोडलं, वाचले. कमिटीचे कागद तयार झाले होते. चौदा पानं. तेव्हा स्टेन्सिल कापून प्रती काढायचे, ठाऊक आहे ना तुम्हाला? तुमचे अहवाल घालायचे म्हणजे सगळा तक्ता नव्यानं मांडायचा, चौदाच्या चौदा स्टेन्सिल पुन्हा कापायच्या. टायपिस्ट भावाच्या लग्नाला तुमकूरला गेलेला. शनिवार अर्धा दिवस. मी पाकीट कपाटात ठेवलं. म्हटलं, पुढच्या कमिटीला लावू.” ते थांबले. “पुढची कमिटी सात वर्षांनी झाली.”

मेहेंदळ्यांनी या क्षणासाठी भाषण तयार ठेवलं होतं. गेली चौतीस वर्षं ते त्याला धार लावत होते. त्यात हंबीररावांच्या सासऱ्यांची दिल्लीतली ओळख होती, जनरल मॅनेजरांचा इन्स्पेक्शनवरचा जुना डूख होता, बोम्मसंद्र्याच्या एका ठेकेदाराचे वाकडे नग त्यांनी नाकारले होते त्याचा सूड होता. केवढं मोठं कारस्थान त्यांनी एकट्यानं, चिकाटीनं उभारलं होतं! आणि ते सगळं आता एका टायपिस्टच्या भावाच्या लग्नापाशी येऊन थांबलं. चौदा स्टेन्सिल. शनिवार अर्धा दिवस. त्या भाषणातलं एकही वाक्य इथे लागू पडेना.

“आळस?” ते एवढंच म्हणाले. “आळसापायी?”

“हो. दुसरं काही नव्हतं. असतं तर कधीच सांगितलं असतं हो. मोठं पाप सांगता येतं. हे सांगायची लाज वाटत होती.” सुधींद्ररावांनी मान खाली घातली. “तुमची ती तीन वर्षं धरायला हवी होती.”

आलं ते वाक्य. जसंच्या तसं, शब्दाचाही फरक न होता. ते ऐकल्यावर काय काय होईल याची मेहेंदळे स्वप्नं बघत आले होते. छाती मोकळी होईल, संताप उसळेल, निदान डोळे तरी भरून येतील. यातलं काहीच झालं नाही. त्यांना भलतीच एक शंका आली. गोपनीय अहवाल त्या काळी ज्याचे त्याला दाखवत नसत. शेरा वाईट असला तरच कळवायचे. आपल्याबद्दल काय लिहिलं होतं, हे मेहेंदळ्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. बिहारमधल्या युनिटचे जनरल मॅनेजर तीन वर्षांत तोंडानं ‘हूं’पलीकडे काही बोलले नाहीत, आणि चौथ्या वर्षाची मुदतवाढ मागितली तर त्यांनी सरळ नाकारली होती. आपण त्यांना नकोसे झालो, असंच मेहेंदळे धरून चालले होते. हे मात्र त्यांनी कुणाला, बायकोलाही, सांगितलं नव्हतं.

“काय होतं त्यांत?” त्यांनी विचारलं.

“तिन्ही वर्षं ‘आउटस्टँडिंग’.”

“तिन्ही?”

“तिन्ही. शेवटच्या वर्षी खाली हातानं लिहिलं होतं. मला पाठ आहे.” सुधींद्रराव उठून उभे राहिले. कमिटीपुढे कागद वाचताना उभं राहायची सवय होती त्यांना. त्या इंग्रजी ओळी त्यांनी मराठीत सांगितल्या: “‘हा अधिकारी नसता तर हा कारखाना उभा राहिला नसता. त्याला परत पाठवल्यानं आमचं मोठं नुकसान होणार आहे. तरीही मी त्याची मुदतवाढ नाकारत आहे, कारण इथे राहिला तर त्याची बढती चुकेल.’”

मग मात्र मेहेंदळ्यांना रडू आलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस खुर्चीत बसून, चष्मा न काढताच, लहान मुलासारखा रडला. त्या ‘हूं’ म्हणणाऱ्या साहेबाला त्यांनी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या! थोड्या वेळानं त्यांनी फोन घेतला आणि ॲप उघडलं. विल्यम्सच्या नावावर बोट घुटमळलं. पण तो निदान परत येऊन खेळला तरी होता, गिब्सनला तर कुणी मैदानातच घेतलं नव्हतं. त्यांनी गिब्सनवर बोट ठेवलं. फोनच्या पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडाले आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तीन इंजिनिअरांची सुटका झाली.

“प्रतिमा!” मेहेंदळ्यांनी हाक मारली. “बाहेर ये. सुधींद्रराव काय सांगताहेत ऐक. सांगा हो, पुन्हा एकदा सांगा. पहिल्यापासून.”

प्रतिमाताई ओले हात पदराला पुसत आल्या. सुधींद्ररावांनी पुन्हा सगळं सांगितलं: पाकीट, शनिवार, तुमकूरचं लग्न, चौदा स्टेन्सिल आणि ते हातानं लिहिलेलं वाक्य. मग त्यांचा आवाज आला तो नेहमीचा चेष्टेचा नव्हता.

“चौतीस वर्षं तुमची ती कमिटी माझ्या घरात रोज जेवायला बसलीय, सुधींद्रराव. मुलांच्या वाढदिवसालासुद्धा बसायची. आणि त्यातली चौदा वर्षं तुम्ही दोन गल्ल्यांवर राहत होता.”

सुधींद्रराव पायांतल्या बुटांकडे बघत राहिले. आणि तेव्हा मेहेंदळ्यांनी स्वतःलाच बोलताना ऐकलं, “अगं, त्यांचंही बरोबर होतं एका परीनं. बैठकीला एक दिवस राहिला असताना तक्ता बदलायचा म्हणजे काय असतं, तुला कल्पना नाही. नऊ जणांना प्रती गेलेल्या असणार. वर शनिवार. टायपिस्ट नाही. चौदा स्टेन्सिल म्हणजे काय चेष्टा आहे?”

“हो ना,” सुधींद्रराव कृतज्ञतेनं म्हणाले. “एक अक्षर चुकलं तर लाल पाणी लावून वाळवत बसा.”

“आणि ते वाळेपर्यंत हात लावायची सोय नाही,” मेहेंदळे म्हणाले.

प्रतिमाताईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“लग्नाआधी तीन वर्षं मी मिरजेत वकिलाच्या ऑफिसात स्टेन्सिलच कापत होते,” त्या म्हणाल्या. “चौदा पानं म्हणजे एका दुपारचं काम. त्या शनिवारी मी घरीच होते. नुसती एक हाक मारायची होती, मी येऊन कापून दिली असती.”

दोन्ही निवृत्त अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. घरच्या बाईला असं काही विचारता येतं, हे त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.